भोक कुठे पाडायचं?

बॉडीबोर्डला लीश, म्हणजे तो आपल्यापासून लांब जाऊ नये म्हणून लावायची दोरी, बांधायची म्हणजे आधी बोर्डला आरपार भोक पाडायचं. दुकानातल्या पोराने हे इतक्या थंडपणे सांगितलं की मी पुन्हा विचारून घेतलं. दीडशे डॉलर मोजलेला बोर्ड, अजून प्लास्टिकच्या वेष्टनातून बाहेरही आलेला नाही, आणि त्याला भोक! "हवं तर आम्हीच बसवून देतो, पाच मिनिटांचं काम, त्याचे पैसे घेत नाही," असं म्हणत त्याने बोर्डच्या वरच्या उजव्या भागावर बोट ठेवलं. "बहुतेक लोक इथेच बसवतात."

मी डावखुरी आहे. बहुतेकांना जे इथेच लागतं ते मला सहसा पलीकडे लागतं. कात्री, कॉलेजातली उजव्या हाताला फळी असलेली खुर्ची, बँकेत साखळीने बांधून ठेवलेलं पेन, सगळीकडे हीच गत. घरी बसवते म्हटलं, बोर्ड काखेत मारला आणि सिडनीतल्या क्रोनलाहून घराकडे, हर्स्टव्हिलची ट्रेन पकडली.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बॉडीबोर्ड म्हणजे फोमची जाड, आखूड फळी. तिच्यावर पोटावर पडून लाटेबरोबर किनाऱ्याकडे घसरत यायचं. सर्फबोर्डवर उभं राहायची कसरत इथे नाही, त्यामुळे चाळिशीनंतर सुरुवात केली तरी गुडघे तक्रार करत नाहीत. बोर्ड उभा धरला की साधारण बेंबीपर्यंत यावा, असा हिशोब. माझा ४१ इंची आहे. सिडनीच्या किनाऱ्यांवर पोरंटोरं, आज्या, सगळे यावर दिसतात. आणि त्याच क्रोनलाच्या टोकाशी शार्क आयलंड नावाचा खडक आहे, तिथे फुटणाऱ्या लाटेवर जगभरातले पट्टीचे बॉडीबोर्डर येतात. आम्ही ते लांबून, हातात चिप्सचं पाकीट धरून बघतो.

या फळीचा जन्मही घरगुतीच. टॉम मोरी नावाच्या माणसाने १९७१ साली हवाईत फोमचा तुकडा सुरीने कापला आणि कपड्यांच्या इस्त्रीने त्याला आकार दिला. इस्त्री फोमला चिकटू नये म्हणून मध्ये वर्तमानपत्राचा कागद ठेवला होता. पहिलाच बोर्ड जर इस्त्रीवर निघाला, तर त्याला एक भोक पाडायला मी दुकानदाराच्या तोंडाकडे का बघायचं, असा माझा युक्तिवाद होता. नवऱ्याला तो पटला नाही. बाबांना तर बोर्डच पटला नव्हता.

बाबा तेव्हा मालवणहून आमच्याकडे आले होते. आयुष्यभर एसटीच्या डेपोत मेकॅनिक. त्यांनी बोर्ड उलटापालटा करून पाहिला, अंगठ्याने दाबून पाहिला आणि विचारलं, "नव्या वस्तूक भोक कित्याक पाडतंस गो?"

"लीश लावायला. म्हणजे ही दोरी. एक टोक बोर्डला, एक माझ्या दंडाला."

"होडयेक दोरी बांदतत. माणसाक नाय."

आता यावर काय बोलणार! पण त्यांना जे सांगितलं ते इथेही सांगते, कारण लीश कशासाठी याबद्दल माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांचा गैरसमज आहे. लीश आपल्याला बुडण्यापासून वाचवते म्हणून लावायची नसते. ती तुटू शकते, वेल्क्रो सुटू शकतो. लीशशिवाय जितकं पोहून परत येता येईल तितकंच आत जायचं, हे इथले लाइफगार्ड पहिल्याच दिवशी सांगतात. लीश लावायची ती दुसऱ्यांसाठी. लाइफगार्ड लक्ष ठेवतात त्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये पोहणाऱ्यांची गर्दी असते. तुमच्या हातून सुटलेला बोर्ड लाट उचलते आणि नेऊन किनाऱ्यालगत कंबरभर पाण्यात उभ्या असलेल्या एखाद्या चार वर्षांच्या मुलीच्या तोंडावर आपटते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की लीशची किंमत कळते. आपली पायपीट वाचते हा वरचा फायदा.

पाकीट फोडलं तर आत तीन वस्तू: लीश, एक बारीक विणलेली दोरी आणि प्लग. लीश म्हणजे जुन्या लँडलाइनच्या रिसीव्हरची गुंडाळी वायर असायची ना, अगदी तशी, फक्त जाड आणि युरेथेनची. दोन्ही टोकांना फिरत्या कड्या, म्हणजे तिला पीळ पडत नाही. एका टोकाला दंडावर बांधायचा रुंद पट्टा. मनगटाचीही मिळते आणि ती स्वस्त पडते, पण हाताने पाणी मारताना मनगटाची वायर सारखी पाण्यात ओढली जाते, बोटांत येते. दंडाची वर राहते. पट्टा निवडताना दंडाचा घेर मोजून घ्यावा; मी अंदाजाने मोठा घेणार होते, दुकानातल्या त्या पोरानेच टेप लावून मधल्या मापाचा दिला.

लीश फार ताणली जाणारी का नसावी, यामागे एक डोळा गेलेला आहे. सर्फिंगच्या लीश सुरुवातीला रबरी नळ्यांच्या असत. त्या भरपूर ताणल्या जात आणि ताण सुटला की बोर्ड थेट माणसाच्या अंगावर परत येई. वेटसूटवाले (थंड पाण्यात घालायचे रबरी पोशाख बनवणारे) जॅक ओ'नील यांचा डावा डोळा १९७१ मध्ये सांताक्रूझला असाच गेला. लीशचं श्रेय ज्याला देतात तो पॅट ओ'नील त्यांचाच मुलगा. हे वाचल्यापासून मी पाण्यातून वर येताना एक हात तोंडापुढे धरते. सवयच लावून घेतली आहे.

आता प्लग. तोंडी सांगायला सोपा, पण हातात घेऊन बघण्यासारखा. दोन भाग असतात. वरच्या भागाला छोटी खोलगट वाटी आणि तिच्यात आडवी दांडी; दोरी या दांडीला अडकवायची. खालचा भाग म्हणजे चपटी चकती, तिच्या पोटात नाण्याची कड बसेल अशी खाच. दोघांच्या मध्ये आटे. वरचा भाग बोर्डच्या पाठीवरून, म्हणजे आपण पडतो त्या बाजूने घालायचा, खालचा पोटाकडून, आणि नाण्याने पिळत आणायचं, म्हणजे बोर्ड दोघांच्या मध्ये आवळला जातो. सगळा भार आवळण्यावर आहे, डिंकावर नाही. मी सिलिकॉनची ट्यूब आणून ठेवली होती ती तशीच परत गेली, कारण बोर्ड ज्या प्लास्टिकचे असतात त्या पॉलिएथिलीनला आणि पॉलिप्रॉपिलीनला बहुतेक डिंक धड चिकटतच नाहीत. आजूबाजूला चिकटून राहील असं वाटतं, आणि महिन्याभरात साल निघावी तसं निघून येतं.

भोक कुठे पाडायचं नाही, हे आधी ठरवलं. बोर्डच्या बरोबर मध्यातून लांबीला एक नळी गेलेली असते, तिला स्ट्रिंगर म्हणतात. ती कार्बनची किंवा फायबरग्लासची असते आणि बोर्ड वाकून परत सरळ होतो तो तिच्या जोरावर. तिच्यात ड्रिल गेलं की बोर्डचं कंबरडंच मोडलं. काही बोर्डांत दोन-तीन नळ्या असतात, म्हणून लेबल वाचल्याशिवाय हात लावू नये. माझ्यात एकच होती. म्हणजे मधली रेघ वर्ज्य. कडेच्या फार जवळही नको, तिथे फोम फाटून प्लग बाहेर येऊ शकतो. छाती टेकते तिथे नको. आणि नाकाच्या, म्हणजे बोर्डच्या पुढच्या, टोकाशी जिथे बोटांनी पकडायचं, तिथेही नको. उरतो तो हातरुमालाएवढा भाग, डावीकडे एक, उजवीकडे एक.

डावीकडचा भाग तर ठरलेला. पण त्यात नेमकं कुठे? यासाठी जो उद्योग केला त्यावर घरात अजून हसतात. बोर्ड हॉलमधल्या गालिच्यावर ठेवला, डाव्या दंडाला पट्टा बांधला आणि मी बोर्डवर पालथी पडले. बाबा समोर पाटावर बसले, लीशचं मोकळं टोक बोर्डवर वेगवेगळ्या जागी दाबून धरायला.

"हयसर धरू काय तयसर?"

"थोडं खाली. माझ्याकडे."

मी हवेत हात मारत होते, कारण प्रश्न हात मारताना वायर कुठे जाते हाच होता. टोक फार वर धरलं तर पुढे गेलेल्या हाताच्या वाटेत वायर येई. फार खाली धरलं तर ती कोपर आणि बोर्ड यांच्यामध्ये चेंगरे. मग लाटेवर वळायचा पवित्रा. डावीकडे जायचं तर डावा हात नाकाशी आणि उजवा हात उजव्या कडेला. उजवीकडे जायचं तर उलट. दोन्ही पवित्रे घेऊन पाहिले. डावा हात कडेवरून नाकाशी नेताना वायर छातीखाली जाता कामा नये. बाबा टोक सरकवत होते आणि प्रत्येक जागी चिकटपट्टीचा तुकडा लावत होते. हे डेपोतलं वळण; काय चाललंय ते त्यांना नीटसं कळलेलं नव्हतं, पण खूण न करता पुढे जायचं नाही हे पक्कं. लेक आला, मोबाइल काढून शूटिंग करून गेला.

शेवटी जी जागा निघाली ती नाकाच्या कडेपासून १२ सेंटिमीटर खाली आणि मधल्या रेषेपासून ८ सेंटिमीटर डावीकडे. माझ्या हाताच्या लांबीला ही जमते. उंच माणसाला आणखी थोडी वर लागेल. म्हणूनच दुकानात बोट ठेवतील तिथे भोक पाडून घेण्यापेक्षा एकदा गालिच्यावर पालथं पडावं, असं माझं मत झालं आहे. लाज वाटत असेल तर दार लावून घ्यावं.

भोक पाडण्याचे सल्ले मागाल तितके मिळतात. कोणी म्हणतं स्क्रूड्रायव्हर तापवून आरपार घाला. फोम वितळतो, भोक चटकन पडतं हे खरं, पण ते किती मोठं पडेल यावर आपला ताबा राहत नाही, आणि तो धूर नाकात घ्यावा असा नाही. कोणी म्हणतं नुसता टोकदार स्क्रूड्रायव्हर जोराने खुपसा. बाबांनी दोन्ही ऐकून ड्रिल मागितलं. शेजाऱ्याकडून आणलं.

त्यांचं म्हणणं असं, आणि ते बरोबर होतं: ड्रिल ज्या बाजूने शिरतं तिथे भोक स्वच्छ पडतं, ज्या बाजूने बाहेर येतं तिथलं साल उचकटतं. बोर्डची पोटाकडची बाजू म्हणजे स्लिक, गुळगुळीत कडक प्लास्टिकचा पापुद्रा. तो एकदा फोमपासून सुटला की पाणी आत जातं आणि फुगा वाढत जातो. तेव्हा दोन्ही बाजूंनी आत शिरायचं, बाहेर कुठेच यायचं नाही. आधी अगदी बारीक, ३ मिलिमीटरचा बिट पाठीकडून आरपार घातला, खाली लाकडाचा तुकडा दाबून धरून. ड्रिल काटकोनात राहावं म्हणून बाबांनी लेकाच्या कंपासपेटीतला गुण्या बोर्डवर उभा धरला होता. या बारीक भोकामुळे दोन्ही बाजूंना एकच नेमकी खूण मिळाली. मग प्लगच्या दांड्यापेक्षा किंचित लहान बिट लावला, पाठीकडून अर्ध्यापर्यंत, बोर्ड उलटा करून पोटाकडून अर्ध्यापर्यंत. वेग अगदी कमी. जोरात फिरवलं तर फोम कापला न जाता बिटाभोवती गुंडाळतो. पांढरा भुगा हाताला, शर्टाला, बाबांच्या मिशीला असा चिकटला की झटकून जाईना.

भोक किंचित लहानच हवं. प्लग अंगठ्याने रेटून घालावा लागला पाहिजे. सैल पडला तर पाण्याला वाट. मी दांड्याला भांड्याच्या साबणाचा हात लावला आणि दाबला. एका जागी अडला, थोडा पिळून दाबल्यावर वाटी पाठीवर बसली. खालून चकती, आटे जुळले, आणि वीस सेंटचं नाणं खाचेत घालून पिळायला सुरुवात केली. इथे घाई करू नये. चकती हळूहळू स्लिकमध्ये रुतत जाते. बोट फिरवलं की तिची कड लागता कामा नये, आणि भोवतीचं प्लास्टिक खोलगट झालेलंही दिसता कामा नये. या दोहोंच्या मध्ये जेमतेम अर्धा फेरा असतो. मी थांबले. बाबांनी नाणं घेतलं, पाव फेरा आणखी दिला, बोट फिरवलं, "झाला."

भोकातून पाणी जाईल का ही भीती महागड्या बोर्डांत फारशी नाही. त्यांचा गाभा बंद पेशींच्या फोमचा असतो, तो पाणी पीत नाही. गाभ्यात पॉलिप्रॉपिलीन असेल तर बोर्ड कडक, कोमट पाण्यात बरा. पॉलिएथिलीन असेल तर लवचीक, थंड पाण्यातही मऊ राहणारा. सुपरमार्केटच्या दारात टांगलेले पंधरा-वीस डॉलरचे बोर्ड मात्र थर्माकोलचे, वर कापड ताणलेलं. त्यांच्या दाण्यादाण्यांमधून पाणी शिरतं. त्यांना घरी भोक पाडायच्या फंदात पडू नये. बहुतेकांना कारखान्यातूनच प्लग आणि दोरी लावून मिळते.

राहिली दोरी. वाटीतल्या दांडीखालून दोरी दुमडून घालायची, फास वर काढायचा, दोन्ही टोकं त्या फासातून ओढून घ्यायची. टोकांना गाठ मारून तयार झालेल्या लूपमध्ये लीशचा वेल्क्रोचा पट्टा अडकवायचा. हे पाच मिनिटांत होणारं काम खरं तर सर्वांत जास्त चुकतं, कारण लोक दोरी लांब ठेवतात. ओढ लागली की बारीक दोरी कडेवर ताणली जाते आणि सुरीने कापावा तसा फोम कापत जाते. दोरी इतकी आखूड हवी की कडेवर येईल तो रुंद पट्टा, दोरी नव्हे. प्लग कडेपासून लांब असेल तर हा त्रास होत नाही. तरी ओढून पाहावं.

गाठीवरून बाबांचं आणि माझं जुंपलं. मी निरगाठ मारत होते. "घट्ट बसात," ते म्हणाले, "पण ओली झाली काय सुटाची नाय. दोरी बदलूची झाली तर कापतलंस?" त्यांनी दोन वेढ्यांची गाठ मारून दाखवली, टोक बोटभर शिल्लक सोडलं आणि लायटरने जाळून बोटांनी चपटं केलं, दोरी उसवू नये म्हणून. डेपोत ताडपत्रीच्या दोऱ्या बांधण्याचं काम त्यांनी कधी केलं असेल असं मला माहीतच नव्हतं. विचारलं तर म्हणाले, डेपोत नाही, गावच्या रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीत. पावसाळ्यात मासेमारी बंद असली की जाळी, दोऱ्या दुरुस्त करायची कामं घरोघर चालत, त्यात शिकले. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत. ते दोन महिने याच कामाचे.

मग अंगणात चाचणी. दंडाला पट्टा बांधून मी एका टोकाला आणि बोर्ड घेऊन लेक दुसऱ्या टोकाला, आणि त्याने मनापासून ओढलं. प्लग हलला नाही. वेल्क्रोचा मात्र कर्रर्र आवाज आला, कारण पट्ट्याच्या आत वाळूचे कण नव्हते पण माझ्या स्वेटरचे धागे होते. पट्टा उघड्या कातडीवर किंवा वेटसूटवर बांधावा. एक बोट आत जाईल इतका घट्ट. त्याहून घट्ट बांधला तर हाताला मुंग्या येतात, सैल असला तर पहिल्याच ओढीला कोपरापर्यंत घसरतो.

रविवारी नॉर्थ क्रोनलाला गेलो. कंबरेएवढ्या लाटा, झेंड्यांमध्ये गर्दी. बाबा वाळूत खुर्ची टाकून बसले, पँट दुमडून, चप्पल हातात. डावीकडे जाणारी एक लाट मिळाली, डावा हात नाकाशी, उजवा कडेला. वायर दंडापासून प्लगपर्यंत बोर्डच्या वरून मोकळी लोंबत होती, हाताला कुठेच लागली नाही. पुढच्या लाटेने मला सरळ उचलून आपटलं. पाण्याखाली दंडाला ओढ जाणवली, मग ओढ सुटली. तोंडापुढे हात धरून वर आले तर बोर्ड हातभर अंतरावर, पालथा, चकती वर. लीश धरून खेचली नाही. खेचली की बोर्ड उसळून येतो. पोहत जाऊन कडेला धरला.

बाहेर आल्यावर बाबांनी आधी प्लग पाहिला, मग मला विचारलं, लागलं का. लागलं नव्हतं. चकतीवर बोट फिरवून पाहिलं, तशीच सपाट. दोरीची गाठ ओली होऊन आवळली होती, पण टोक धरून मागे ढकलल्यावर सुटत होती. तेवढं त्यांनी मला दाखवलंच.

आता नेम असा: घरी आल्यावर बोर्ड आणि लीश दोन्ही साध्या पाण्याने धुवायचे, वेल्क्रोतली वाळू जुन्या दातघासणीने काढायची, दोरीचा दांडीला घासणारा भाग बोटांनी चाचपून पाहायचा. केस उठल्यासारखी लागली की बदलायची, दोरीला दोन-तीन डॉलर पडतात. आणि बोर्ड उन्हात बंद गाडीत ठेवायचा नाही. इथल्या जानेवारीत गाडी तापते तेव्हा स्लिक आणि फोम यांच्यामध्ये फुगे धरतात, आणि मग प्लग कितीही छान बसवलेला असला तरी बोर्ड कचऱ्यात.